देवापुढची पाकिटं

माझ्या नवऱ्याला टीबी निघाला, तेव्हा सरकारी दवाखान्यातली एक बाई घरातल्या सगळ्यांना तपासायला आली. तंजावूरच्या आमच्या गल्लीत कुणाला कळू नये म्हणून ती मोपेड लांब लावायची आणि हेल्मेट घरात आल्यावरच काढायची. हेल्मेटखाली मास्क असायचा. तिचा चेहरा मला आजही ठाऊक नाही.

आमचा खोकला विचारून झाल्यावर ती तमिळमध्ये म्हणाली, "एचआयव्हीचीही तपासणी इथंच करू. या दोन आजारांचं एकमेकांकडे येणंजाणं फार." बोटं टोचून झाली आणि जाताना तिने कंडोमची पाकिटं ठेवली. मी लाजेने आत पळाले. ती कसली, हे सासूबाईंना कुठलं कळायला! घरात नवीन काही आलं की आधी देवापुढे, हा त्यांचा नेम.

पुढच्या खेपेला बाईने देवघर पाहिलं. पाकिटांना कुंकू लावलेलं, वर जास्वंदीचं फूल. धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं. तिने मात्र शांतपणे हात जोडले.

"अम्मा, देवाला दाखवून झालं ना? आता प्रसाद लेकाला आणि सुनेला द्या."

सासूबाईंनी दिला आणि बजावलं, "प्रसाद आहे. वाया घालवायचा नाही."

आम्ही घालवला नाही.