शुगरवाल्यांचा पाला

मनीषनगरच्या बगिच्यात आम्ही पाच शुगरवाले रोज सकाळी फिरतो. पाचांचे डॉक्टर वेगळे, पण झाडपाला एकच. त्यामुळे आमचे किस्से वाळक्या पानांसारखे साचतात. आज झाडून काढले की उद्या पुन्हा तेवढेच!

सगळ्यात जास्त किस्से वानखडेभाऊंचे. वीज खात्यातून रिटायर झालेला माणूस. त्यांना डॉक्टरांनी बजावलं होतं, "तीन महिन्यांत शुगर उतरली नाही तर इन्सुलिनचं इंजेक्शन. रोज!"

भाऊ आमच्यापुढे रडकुंडीला आले. "अकरा हजार व्होल्टले मी कधी भेलो नाही गा, पण सुई नको!"

मी म्हटलं, गोळ्या वेळेवर घ्या. पण आमच्या ग्रुपमध्ये गोळीवाल्याला कोण विचारतो!

*

पराते मास्तर आमचे पालातज्ज्ञ. शाळेत भूगोल शिकवायचे. त्यांनी भाऊंना कडुनिंबाची कोवळी पानं सांगितली. पहिल्या दिवशी भाऊंचा चेहरा पाहून समोरून येणारं कुत्रं वाट बदलून गेलं. चौथ्या दिवशी मात्र भाऊ हसत हसत चावत होते.

मास्तरांनी जवळ जाऊन पाहिलं. पानं संत्रा बर्फीत गुंडाळलेली!

"नुसतं कडू पोटात जात नाही ना जी!"

*

मग गुडमार आलं. त्याचं पान चावलं की जिभेला काही वेळ गोड कळतच नाही. भाऊ ते चावत चावतच कामठीला एका लग्नात जेवायला बसले. जिलेबी तोंडात टाकली, तर गोडाचा पत्ता नाही.

भाऊंनी नऊ खाल्ल्या. वर पलीकडच्या टेबलावरच्या दोन शुगरवाल्यांना हाक मारली, "या जी, या! आपल्यासाठी स्पेशल बनवली, साखरच नाही टाकली!"

*

बगिच्यात इन्सुलिनच्या झाडाची एक कुंडी होती; त्याच्या पानानं शुगर उतरते म्हणतात. आम्ही पाचही जण रोज तिची पानं तोडायचो. मीसुद्धा, खोटं कशाला बोलू! मग बाकीचे लोकही तोडू लागले. शेवटी मास्तरांनी पाटी लावली, "पान तोडण्याआधी शुगरचा रिपोर्ट दाखवावा."

दुसऱ्या दिवशी एक बकरी आली आणि अख्खी कुंडी साफ करून गेली.

भाऊ मास्तरांवरच भडकले, "रिपोर्ट न पाहता तिले खाऊ कसं देल्लं?"

*

तीन महिने संपले. रक्त तपासायचं म्हणजे पुन्हा सुईच! भाऊंनी बेसा गावाहून साळ्याला, म्हणजे बायकोच्या भावाला, बोलावलं. गजानन. धिप्पाड गडी, आयुष्यात कधी सर्दीची गोळी घेतली नाही.

"माह्या नावानं रक्त देऊन ये गा!"

गजानन दिलदार. देऊन आला.

रिपोर्ट घेऊन दोघं थेट बगिच्यात आले. भाऊंनी वाटायला पेढेही आणले होते. मास्तरांनी मोठ्यानं वाचलं. उपाशीपोटी तीनशे चाळीस!

"बाप रे!" भाऊ ओरडले. "लागली आता मले सुई!"

"पण भाऊ, रक्त कोणाचं आहे?" मी विचारलं.

गजानन मटकन बाकावर बसला. त्याचं तोंड पाहून मला खरंच वाईट वाटलं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं,

"भेऊ नको गा. उद्या तुह्या नावानं पुन्हा तपासून घे."

गजाननानं वर पाहिलं, ते भाऊंकडे.

"भाऊजी, आता माह्या नावानं तुम्ही जा न जी!"