मालक नसलेला फोन

शांतवन उजागरे यांचं अर्धं आयुष्य टेलिफोनच्या खांबांवर गेलं. सरकारी लाइनमन म्हणून निवृत्त झाल्यावर ते कोपरगावच्या अलीकडे, गोदाकाठच्या आपल्या गावी राहायला आले. गावात टॉवर एकच, तोही सरपंच भागवतच्या रानात. नदीत त्याचे चोरट्या वाळूचे डंपर उतरले की टॉवर हमखास बंद पडायचा. तक्रार करायची तर फोन लागणार कुठून?

पुण्यात नोकरीला असलेल्या त्यांच्या लेकीनं, प्रार्थनानं, वाट दाखवली. घराघरावर छोट्या पेट्या बसवायच्या. एका पेटीनं दुसरीकडे फोन पोचवायचा आणि शेवटची पेटी कोपरगावात इंटरनेटला जोडायची. कुणाच्या पेटीनं किती काम केलं ते ब्लॉकचेनवर, म्हणजे सगळ्यांकडे एकाच वेळी नोंदलं जाणार. मागून कुणाला खोडता येणार नाही. कामाच्या मानानं प्रत्येक घराला फोनच्या पैशातला वाटा.

"आणि पप्पा, याला मालकच नाही. एका जागेवरून कुणी बंद करू शकत नाही."

हे शांतवनना फार भावलं. साठी उलटलेला माणूस पुन्हा शिडी खांद्यावर घेऊन घरोघर चढला. जाळं चालू झालं. टॉवर बंद असताना गावातल्या आशासेविका पंकजानं गोजरबाईच्या बाळंतपणात अडलेल्या सुनेसाठी ॲम्ब्युलन्स बोलावली, तेव्हा गावाचा विश्वास बसला. पुढं एका दुपारी कुणीतरी तहसीलला फोन लावला आणि डंपर नदीतच पकडले गेले.

भागवत दारात आला. "फोन कुनी केला, शांतूभाऊ?"

"ते नोंदीत येत न्हाई."

"मग बंद करा हे सगळं."

"मलाबी करता येत न्हाई. कुनालाच येत न्हाई."

भागवत हसला. "असं व्हय? मग ज्याच्या त्याच्या घरीच जातो."

कुणाचं घरकुल मंजुरीला अडलेलं, कुणाचा पोरगा डंपरवर ड्रायव्हर, कुणाला कॅनॉलच्या पाण्याची पाळी हवी. भागवतनं कुणाला धमकावलं नाही. घरोघरी नुसता चहा पिऊन आला. दुसऱ्या दिवसापासून पेट्या उतरू लागल्या. गोजरबाईनं आपली पेटी पदराखाली झाकून आणली. "राग धरू नका, भाऊ. आमचं घरकुल त्येच्या हातात हाय." कडेवर नातू होता.

शेवटी शांतवनची एकटीच पेटी उरली. शेजारी दुसरी नसली की तीही मुकी. त्यांनी ती काढून टाकली. त्या दिवसापासून कुणी रामराम केला, तरी ते मान वळवायचे.

वाळू उपसून नदी खडकाला लागली आणि उन्हाळ्यात काठच्या विहिरी आटल्या. गोजरबाई रिकामा हंडा घेऊन दारात उभी राहिली.

"भाऊ, तहसीलला फोन कराया त्या पेट्या परत बसवता येत्याल का वो?"

"येत्याल की. पयली कुनाच्या घरावर बसवू?"

हंडा काखेत घेऊन गोजरबाई टँकरच्या रांगेकडे चालू लागली. शांतवननी तिला हाक मारली नाही.