आईचं पत्र आणि माझं भगदाड

नव्वदचं दशक संपता संपता कोपरीच्या आमच्या घरात कॉम्प्युटर आला आणि मी स्वतःला भलताच शहाणा समजायला लागलो. त्यात ब्राउझरमध्ये मला एक भगदाड सापडलेलं. वेबपानात बेसुमार लांब पत्ता घातला की ते पान उघडताना ब्राउझर आडवाच व्हायचा. का, तर पत्त्यासाठी मेमरीत ठरावीक जागा राखलेली, पण येणारा पत्ता केवढा आहे हे कुणी मोजतच नव्हतं! जास्तीचा मजकूर शेजारच्या जागेत घुसून तिथलं सगळं खराब करायचा. आई आंतर्देशीय पत्रात जागा संपली की डिंकाच्या पट्टीवर लिहायची आणि उघडताना नेमकी तीच ओळ फाटायची, तसंच. असल्या भगदाडातून चोरही शिरतात, हे मला पुढे कळलं. तेव्हा मी नुसता बिल्डिंगभर मिरवत होतो.

ताई चार वर्षं मस्कतला होती. आम्ही वरणभातवाले, आणि तिने कोळीवाड्यातल्या मुलाशी लग्न केलेलं. आईने तिच्याशी बोलणं टाकलं होतं. एका दुपारी ताईची मेल आली, दिवस गेलेत म्हणून. आई पदर खोचून कॉम्प्युटरसमोर बसली. ब्राउझरमध्येच उत्तर, इंग्रजी अक्षरांत मराठी, एका बोटाने, दीड तास. मी मागून डोकावलो आणि मला धडकीच भरली. चार वर्षांचे टोमणे एकजात भरलेले. हे गेलं असतं तर ताईने जन्मात पुन्हा लिहिलं नसतं.

कुकरची तिसरी शिटी झाली तशी आई गॅस बंद करायला उठली. पत्र पुसलं असतं तर पकडला गेलो असतो. मी दुसऱ्या खिडकीत माझं ते पान उघडलं. ब्राउझर आडवा, पत्रासकट.

आई आली. मशीन आहे, पडतं कधीकधी, असं मी साळसूदपणे सांगितलं. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग मला ब्राउझर पुन्हा उघडायला लावून बसली, एकच ओळ टाइप केली आणि उठली.

"आठ दिवस सगळ्यांना हेच मशीन पाडून दाखवतोयस," ती म्हणाली. "एवढं मात्र नीट पाठव."

मी वाचलं. बाळंतपणाला इकडेच ये, जावयांनाही आण, एवढंच होतं. चार वर्षांत तिने त्यांना पहिल्यांदाच जावई म्हटलेलं. खोटं कशाला बोलू, मी रडलो.