बोटांना न लागलेली टिक

काळेवाडीत खोली बघायला गेले तेव्हा घरमालकीण काकूंनी दारातच विचारलं, "तुमच्यात काय काय खातात गं?"

प्रश्न जेवणाचा नव्हता. आठवीत शाळा सुटली तरी एवढं कळायला शाळा लागत नाही. आमच्याकडे, लातूरच्या बाजूला, रविवारी अंडी आणि बाजारच्या दिवशी सुकट ठरलेली. पण खरं सांगून दोन खोल्या हातच्या गेल्या होत्या. म्हटलं, "आम्ही खात नाही काकू. अंडंसुद्धा नाही."

खोली मिळाली. वर काकूंनीच भाचीला सांगून मला महाळुंग्याच्या कंपनीत लावलं. एवढं कोण कुणासाठी करतं? त्या उपकाराखाली मी चार वर्षं अंड्याला हात लावला नाही. बाहेर खावं तर भाची माझ्याच लाइनवर. कॅन्टीनला अंडाकरी असली की ती म्हणायची, "तुला तर वासही सहन होत नसेल, नाही का?" मी नाक मुरडून दाखवायचे आणि तोंडाला सुटलेलं पाणी गिळायचे.

काकूंच्या घरी दूध, दही, ताक, पनीर. माझ्याकडे चपाती, बटाटा आणि कोरा चहा. त्यांना ते जेवण मानवत होतं, म्हणून मलाही मानवेल असं मी धरून चालले.

आमचं काम गाडीच्या वायरिंगचं. वायरीच्या टोकाची पिन प्लास्टिकच्या कनेक्टरमध्ये ढकलायची, ती बसली की बारीक टिक होते. मशिनींच्या आवाजात ती ऐकू येत नाही, बोटांना लागते. नवीन बायांना मीच शिकवायचे, "कानाने नाही गं, बोटाने ऐक."

मग बोटांना मुंग्या यायला लागल्या, उठताना चक्कर यायची, पायात त्राण राहीना. मेडिकलवाल्याने ताकदीच्या कॅप्सूल दिल्या. लघवी पिवळीधमक झाली. म्हटलं, औषध लागू पडतंय. मुंग्या वाढल्या की चार दिवस घ्यायच्या, बरं वाटलं की बंद. पुढे मुंग्याही थांबल्या, तेव्हा मी खुश झाले. त्या थांबल्या नव्हत्या, बोटंच बधिर झाली होती.

एके दिवशी टेस्टिंगवरून माझा माल परत आला. तीन पिना अर्धवट.

"ताई, टिक लागली का नाही, कळत नाही का तुम्हाला?" सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणाला.

"लागली होती सर."

"मग या काय माझ्या आत्याने बाहेर काढल्या?"

लाइन हसली. मला पॅकिंगला पाठवलं. पंधरा दिवसांनी पुन्हा टेबलावर बसवून बघणार होते. जमलं तर लाइन, नाही तर कायमचे खोके.

पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात काकू स्वतः घेऊन गेल्या, रांगेतही उभ्या राहिल्या. रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बी-ट्वेल्व्ह फारच कमी आहे. नसांना लागतं ते. भाजी-चपातीत मिळत नाही. अंडी, मासे, मटण?"

मी तोंड उघडायच्या आत काकू म्हणाल्या, "छे हो, आमच्यासारखीच आहे ती. एकदम शुद्ध."

खरं सांगावं तर खोली जाईल. मी काकूंच्या बोलण्याला मान डोलावली.

"मग दूध-दही तरी?"

"परवडत नाही."

काकूंनी वळून माझ्याकडे बघितलं. मेडिकलच्या कॅप्सूल कधीमधी घेते, तेही मी सांगितलं. बाई कागदावर लिहीत म्हणाल्या, "इंजेक्शनं देते. पण उशीर केलास. सगळं भरून येईलच असं नाही. त्या कॅप्सूल अशा अधूनमधून घेऊन काय होणार होतं?"

इंजेक्शनांनी चक्कर गेली, पायातलं त्राण परत आलं. पंधराव्या दिवशी टेबलावर बसले. उजव्या हाताला टिक लागली. डाव्या हाताच्या तीन बोटांना काहीच नाही. सुपरवायझर या वेळी ओरडला नाही. नुसतं म्हणाला, "पॅकिंगच बरं, ताई." माझ्या जागेवर भाची बसली.

आता काकू रोज सकाळी पेलाभर दूध पाठवतात. "पी गं, संकोच करू नकोस." मी पिते, पेला घासून परत देते आणि मनापासून आभार मानते. मनापासून, याचाच राग येतो.

पॅकिंगची जेवणाची सुट्टी वेगळ्या वेळी असते, तेव्हा भाची लाइनवर असते. गेटबाहेरच्या गाडीवर रस्त्याकडे पाठ करून मी एक उकडलेलं अंडं घेते. सोलताना टरफल कुठे राहिलंय ते डाव्या बोटांना समजत नाही. मान खाली घालून नीट बघावं लागतं, मग खाते.