गाणाऱ्या माणसाची कवळी

"साहेब, उठली," शामरावकाका म्हणाले आणि त्यांनी खालची कवळी काढून माझ्या हातात दिली.

ही त्यांची दुसरी कवळी. पहिलीही मीच बनवली होती. दोन्ही बसल्या नाहीत, आणि दोन्ही वेळा चूक माझीच होती. या गोष्टीला आता पंधरा-सोळा वर्षं होऊन गेली. अमरावतीत माझा दवाखाना तेव्हा नवीन होता. खुर्ची नवी, बोर्ड नवा, आणि मला सगळं येतं हा समजही नवाच.

काका नांदगाव खंडेश्वरच्या बाजूचे. तूर, कपाशी, सोयाबीन करणारे. पण गावात त्यांची ओळख शेतीची नव्हती. भजन मंडळात खंजेरी घेऊन पुढे बसणारा आवाज त्यांचा. मोझरीच्या आश्रमात भजनाला मंडळ गेलं, की लोक विचारायचे, "नांदगाववाले आले का?" म्हणजे काका आले का. पहिली कवळी बनवताना मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

कवळीचं थोडं सांगतो. वरची कवळी मधली हवा निघाली की टाळूला चिकटते. खालची बिचारी नुसती हिरडीवर टेकलेली असते. जीभ, गाल आणि ओठ तिला तिन्हीकडून ढकलतात. तिची कड जरा लांब राहिली, तर तोंड मोठं उघडताच गाल तिला वर उचलतो.

पहिल्या कवळीनंतर काका चारदा आले. "ढिली लागते," एवढंच म्हणायचे. मी इथे-तिथे थोडं घासून द्यायचो आणि आमच्या धंद्यातलं ठरलेलं वाक्य बोलायचो, "काका, सवय होईल." पाचव्यांदा ते आले नाहीत. पेशंट परत आला नाही म्हणजे त्याचं बरं चाललंय, असं मी धरून चाललो.

दीड वर्षानं त्यांच्याच गावात आमचा तपासणी कॅम्प होता. काम आवरलं तेव्हा संध्याकाळची प्रार्थना सुरू झाली होती. पुढे बसून दुसराच कुणी गात होता. काका मागच्या रांगेत टाळ वाजवत होते. तोंड मिटलेलं.

नंतर मी विचारलं, "काका, कवळी कुठे आहे?"

"आहे न घरी. डब्यात."

"मग दाखवायला आला नाहीत?"

"किती खेपा घालाव्या साहेब? तुमी म्हटलं, सवय होईन. दातायची झाली नाई, मंग म्या गाण्याचीच मोडली."

काकू शेजारीच उभ्या होत्या. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "जेवण तरी नीट होतं ना?"

"भाकर तं ते पयले हिरड्यानंई खात होते," काकू म्हणाल्या. "घरात निरा चूप बसून रायतात आता. तुमाले जेवनाचंच पडलं!"

दीड वर्ष एक माणूस माझ्यामुळे गप्प होता, आणि मी ती केस बरी झाल्यात धरली होती.

दुसरी कवळी मी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे केली. एक पायरी सोडली नाही. बसवल्यावर म्हटलं, "काका, गाऊन दाखवा." पहिली ओळ छान गेली. वरच्या सुराला 'टक्' असा आवाज आला आणि खालची उठली. काकांनी ती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "राहू द्या साहेब. वय झालं."

वय काकांचं झालं होतं, पण चुकलो मी होतो. पुढच्या रविवारी मी एसटीनं अकोल्याला गेलो, माझ्या जुन्या सरांकडे. त्यांच्या हाताखाली मी दोन वर्षं काम केलं होतं. हार कबूल करायला जाताना मांडीवरच्या पिशवीतलं काकांच्या जबड्याचं प्लास्टरचं मॉडेलसुद्धा जड लागत होतं.

काकांच्या गाण्याची सगळी हकीकत ऐकून सरांनी मॉडेल पाहिलं. "माप घेताना पेशंटले काय करायला लावतं?"

"जीभ बाहेर, ओठ पुढे, तोंड थोडं उघडा."

"अन् गाताना बुढा थोडंच उघडते का?"

मी मॉडेल पुन्हा हातात घेतलं.

"तू गप्प बसणाऱ्या माणसाची कवळी बनवली लेका. अन् गाणाऱ्याले घातली."

तिथून मी थेट काकांच्या घरी गेलो. दोन्ही वेळा माझंच चुकलं, हे दोघांसमोर सांगितलं. तिसऱ्यांदा करू द्या म्हणालो.

"तिसरी कायले आता?" काकू कडाडल्या.

काकांनी हातानंच काकूंना थांबवलं. मग म्हणाले, "पानी दगा देते तं आपन दुबार पेरतोच न? तिबारई पाहू पेरून."

कडेचं माप घ्यायला आम्ही हिरवी कांडी वापरतो. ती गरम झाली की मऊ होते आणि थंड झाली की घट्ट. दवाखान्यात कांडी लावलेला मापाचा ट्रे मी काकांच्या तोंडात ठेवला आणि म्हटलं, "आता गा." काकांनी खंजेरी आणली होती. शब्द एकही कळत नव्हता, पण सूर पुरा होता. बाहेरचे पेशंट दारातून डोकावू लागले. कांडी पुन्हा मऊ करायची, पुन्हा गायचं. असं सात-आठदा झालं. शेवटी ट्रे बाहेर काढला, तर कड माझ्या जुन्या कवळीपेक्षा चांगली दोन मिलिमीटर आखूड होती. जास्त पकड मिळावी म्हणून मी लांब ठेवलेली कडच कवळीला उचलत होती.

तिसऱ्या कवळीनं काका पुन्हा पुढे बसले. पहिल्या दिवशी मी ऐकायला गेलो. दुसऱ्या कडव्यात ते थांबले, जबडा हलवला आणि पुन्हा सुरू झाले. पूर्वीच्या पट्टीत त्यांना जाता येत नव्हतं, पेटीवाल्यानं सूर एक पट्टी खाली घेतला. ते पुढे नऊ वर्षं गायले. मधली दीड वर्षं मात्र मला परत देता आली नाहीत.

आता कवळीसाठी कुणी आलं, की दात किती उरलेत हे मी नंतर बघतो. दिवसभर तोंडाचं काय काम असतं, ते आधी विचारतो. गेल्या महिन्यात एक कबड्डीचे पंच आले. त्यांना म्हटलं, "मापाच्या दिवशी शिट्टी घेऊन या."