आठ वाजताची गोळी आणि गाऱ्हाणं

आमच्या बाबांचं ब्लडप्रेशर मी महिनाभर अगदी आटोक्यात ठेवलं होतं. फक्त मोबाइलवर!

बाबा गावात लोकांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालतात. कुणाची नवी होडी असो, कुणाचा नवस असो, सकाळी माणसं नारळ घेऊन अंगणात हजर. देवाला सगळ्यांची आठवण करून देणारे बाबा स्वतःची गोळी मात्र हमखास विसरणार. मी पडलो ओरोसच्या कचेरीतला (म्हणजे घरातला सर्वांत हुशार!). त्यांच्या फोनमध्ये एक ॲप घालून दिलं. सकाळी आठला त्यातली बाई विचारणार, "गोळी घेतलीत का?" बाबांनी 'होय' किंवा 'व्हय' म्हटलं, की माझ्या फोनवर हिरवी खूण.

तो मे महिना. मुंबईचे चाकरमानी सगळे गावात. आणि रोज हिरवी खूण! कचेरीत मी ती सगळ्यांना दाखवली. साहेबांना तर दोनदा.

एका रविवारी बाबांना चक्कर आली. मी घाबरून त्यांना दवाखान्यात नेलं, आईही पिशवी घेऊन आली. दाब भलताच वाढलेला.

"गोळी चुकते का?" डॉक्टरांनी विचारलं.

"एकही दिवस नाही!" मी फोन त्यांच्या नाकासमोर धरला.

"मग आणखी एक गोळी वाढवावी लागेल."

त्यांनी पेन उचललं आणि आईने पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढली. सगळी शाबूत!

"बाबा, मग रोज 'व्हय' कोण म्हणत होतं?"

"माका काय म्हायत, झिला? आठ वाजता मी गाऱ्हाण्यात आसतंय!"

दुसऱ्या दिवशी रजा टाकून आठला मी अंगणात उभा राहिलो. बाबा डोळे मिटून सुरू झाले, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराची होडी सुखरूप ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" दहा जण गरजले.

तेवढ्यात बाबांच्या खिशातून बाई बोलली, "गोळी घेतलीत का?"

कुणी डोळेसुद्धा उघडले नाहीत. "व्हय म्हाराजा!"

माझ्या फोनवर टिंग! हिरवी खूण!

ॲप तिथेच काढून टाकलं. आता गोळी बाबांच्या तळहातावर ठेवून आईच गाऱ्हाणं घालते, आणि बाबा ती गिळेपर्यंत हलत नाही. बाबांचा दाब खरोखरच उतरलाय.

घोटाळा एवढाच, की त्या रविवारी डॉक्टरांनी सहज माझाही दाब मोजला. बाबांपेक्षा जास्त! त्यामुळे गोळी मलाही लागली, आणि आठला ओरोसच्या बसमध्ये आईचा फोन येतो. ती इतक्या मोठ्याने गाऱ्हाणं घालते, की अख्खी बस ओरडते, "व्हय म्हाराजा!"

पण आई म्हणजे ॲप नव्हे.

"बसवाल्यांचा ऐकलंय मी. तुझो आवाज खंय?"

आणि कंडक्टर पाण्याची बाटली घेऊन माझ्यासमोर उभा असतो!