मागची तोरणी

"मामा, तुम्ही अर्ध्यातनं ओढताय."

फरहाननं हे हळू आवाजातच सांगितलं, पण कृष्णातला ते गल्लीत दवंडी पिटल्यासारखं लागलं. त्यानं हातातल्या मुठी सोडून दिल्या. दोऱ्या सटकन वर गेल्या आणि मुठी खांबाच्या माथ्यावर खाडकन आपटल्या.

"अर्ध्यातनं म्हंजे?"

"उजवा हात डोस्क्याच्या वरनं सुटतोय, डावा छातीपासनं. रोज बघतोय मी."

"तुझं मशीनच वाकडं बसलंय."

"मशीन ओळंब्यात हाय, मामा. तुम्ही न्हाय."

कृष्णातनं टॉवेल खांद्यावर टाकला. डाव्या खांद्यावर. गेल्या आषाढापासून तो खांदा कायम कशाखाली तरी झाकलेला असायचा. कधी टॉवेल, कधी बायकोनं विणलेला मफलर, ऐन उन्हातसुद्धा.

ते मशीन फरहाननं आपल्या जिममध्ये आणलं, तेव्हा अख्ख्या कसबा बावड्यानं त्याची टिंगल केली होती. भिंतीला ठोकलेला उंच खांब, माथ्यावर डब्यात पंखा, आणि तिथून लोंबणाऱ्या दोन दोऱ्या. दोऱ्यांच्या टोकांना मुठी. हात वर नेऊन मुठी धरायच्या आणि कमरेतून वाकत मांड्यांपर्यंत खाली ओढायच्या. बर्फाच्या मुलखात लोक पायाला फळ्या बांधून, दोन काठ्या रेटत घसरत जातात म्हणे, त्याची ही कसरत. "आमच्यात बर्फ गोळेवाल्याच्या गाड्यावर असतोय रं बाबा," असं म्हणून पोरं पुढच्या मशीनकडं जायची. खांब नुसता धूळ खात उभा असायचा.

पण कृष्णातनं पहिल्यांदा त्या दोऱ्या बघितल्या, तेव्हा त्याच्या अंगावर काटा आला होता. त्याला बर्फ दिसला नव्हता. त्याला तोरणी दिसली होती.

गल्लीची सासनकाठी म्हणजे दुमजली घराच्या वर जाणारा कळकाचा बांबू. रंगीत कापडानं मढवलेला, शेंड्याला निशाण. चैत्राच्या यात्रेला ती ज्योतिबाच्या, म्हणजे नाथाच्या, डोंगरावर न्यायची. एक जण काठीची आडवी फळी खांद्यावर घेऊन चालतो आणि चौघे जण शेंड्याला बांधलेल्या चार दोऱ्या धरून तिचा तोल राखतात. त्या दोऱ्या म्हणजे तोरण्या. चढणीला उचलणारा पुढे वाकला की काठीही पुढे झुकते, आणि तेव्हा तिला आवरते ती एकटी मागची तोरणी. ती मागची तोरणी कृष्णातच्या घराण्याकडे होती. वडिलांनी धरली, वडील गेल्यावर त्यानं. दुधाचा टेम्पो चालवणाऱ्या माणसाला गावात कोण विचारतो? पण चैत्रात आण्णा, ज्यांच्या शब्दावर गल्लीची काठी हलते ते आण्णा, सगळ्यांसमोर दोरीला गुलाल लावून ती कृष्णातच्या हातात द्यायचे. वर्षभराची पोटातली भूक त्या एका घटकेत भागायची.

आषाढात शाहूवाडीच्या बाजूला दूध गोळा करताना चिखलात त्याचा पाय सरकला. हातातला भरलेला कॅन सोडायचं सुचलं नाही. खांदा खोबणीतून निसटला. दवाखान्यात तो बसवला, पट्ट्यात बांधला, पट्टा सुटला, व्यायाम झाले. डॉक्टरांनी सांगितलं, आता हळूहळू ओढायला हरकत नाही, हात वर न्यायचीही सवय करा. पहिलं त्यानं ऐकलं. दुसरं ऐकलं नाही. कारण एकदा अंथरुणात आळस देताना हात वर गेला आणि आत काहीतरी घसरल्यासारखं झालं. निसटलं नाही, पण निसटण्याच्या तोंडाशी जाऊन परत आलं. त्या दिवसापासून डावा हात खांद्याच्या वर गेला नव्हता, आणि हे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं.

"बसा," फरहान म्हणाला. जिममध्ये त्या वेळी दोघंच होते. फरहानची आई मेहरुन्निसा आणि कृष्णात एकाच गल्लीत वाढलेले. दर वर्षी तिची राखी त्याच्या मनगटावर असायची. त्यामुळे हा पोरगा त्याला मामा म्हणायचा आणि भाच्याच्या हक्कानं बोलायचा. "काठीची दोरी कुठनं येती? वरनं. तुम्ही छातीपासनं खाली कितीबी जोर कमवा. वारं आलं की दोरी वरचं अर्धं हिसकून घेणार. तवा काय करणार?"

"नाथ बघून घील."

"नाथानंच ह्यो खांब बघायला लावलाय म्हणा की मग." फरहान हसला नाही. "मामा, औंदा काठी कुणाच्या खांद्यावर हाय?"

कृष्णातनं खांद्यावरचा टॉवेल नीट केला. त्याला माहीत होतं, आणि ते माहीत असणंच रात्रंदिवस टोचत होतं. औंदा पहिल्यांदाच काठी उचलायचा मान त्याच्या पोराला, ऋतुराजला मिळाला होता. पुढे पोरगा, मागे बाप. गल्लीत सगळे म्हणत होते, काय भाग्य हाय बघा.

"पाडव्याला आण्णा काठी उभी करून बघणार," फरहान म्हणाला. "त्याच्या आत हात वर गेला न्हाय, तर मी आण्णास्नी सांगणार. शिव्या घाला, अम्मीला येऊन सांगा. पण मी सांगणार."

"तू? आमच्या काठीतलं तुला काय कळतंय रं?"

बोललं गेलं आणि कृष्णातला स्वतःचाच आवाज परका वाटला. फरहान मान खाली घालून मुठी पुसत बसला. पुसता पुसता म्हणाला, "खांद्यातलं कळतंय."

घरी रविवारची संध्याकाळ. नाथाचा वार म्हणून बायकोचा, स्वप्नालीचा, उपवास होता. तिनं देव्हाऱ्यात दिवा लावला. ऋतुराज कामावरून येऊन हातपाय धुऊन उभा राहिला. कृष्णातनं नेहमीसारखं आरतीचं ताट डाव्या हातात घेतलं आणि उजव्यानं घंटा वाजवली. आरती संपली. "चांगभलं!" म्हणत मायलेकरांचे हात वर गेले. कृष्णातचा उजवा हात गेला. डाव्यात ताट होतं.

ऋतुराज बाहेर गेल्यावर स्वप्नालीनं ताट त्याच्या हातातून काढून घेतलं.

"किती दिवस ताट धरणार हाय तुम्ही?"

"म्हंजे?"

"वरच्या फळीवरचा डबा मागितला की तुम्ही पोराला हाक मारता. शर्ट घालताना आधी डावी बाही. मला काय डोळं न्हाईत?"

"बरा होत आलाय."

"व्हय का? मग सांगा आण्णास्नी, हात असाअसा हाय म्हणून."

"सांगितलं की दोरी डाव्या तोरणीवाल्या आकारामकडं. ती एकदा गेली की परत येत न्हाय."

"आणि काठी?" ती त्याच्याकडं न बघता बोलत होती, दिव्याची वात सारखी करत होती. "काठी गेली तर परत येईल? तिच्याखाली माझं लेकरू हाय. नाथाच्या कामात खोटं चालत न्हाय. तो गुलालानं माखून घेतो म्हणून त्याला खालचं दिसत न्हाय असं न्हाय."

त्या रात्री ती जेवायला वाढून देव्हाऱ्यापाशी जाऊन बसली. रागावली असती तर बरं झालं असतं, असं कृष्णातला वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो मशीनसमोर गेला. फरहाननं काही विचारलं नाही. मागे येऊन त्यानं एक तळवा कृष्णातच्या डाव्या काखेखाली, बरगड्यांवर ठेवला.

"ओढायचं न्हाय. नुसती मूठ धरा आणि दोरी वर नेती तिकडं जाऊ द्या. तुम्ही न्यायचं न्हाय. तिला नेऊ द्या."

मूठ छातीशी आली. खांद्याशी आली. तिथं हात थांबला, भिंत लागल्यासारखा. कपाळावर घाम आला. ओढताना कधी आला नव्हता एवढा.

"मामा, श्वास घ्या."

"गप रं."

"घ्या की."

मूठ कानाच्या पाळीपर्यंत गेली. आत तेच झालं, काहीतरी काठावर येऊन उभं राहिलं. कृष्णातनं हात झटक्यानं खाली घेतला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. पंखा आपल्या नादात थोडा वेळ फिरत राहिला आणि थांबला.

"निसटला?"

"न्हाय."

"मग उद्या."

असे दिवस गेले. काही दिवशी मूठ कानापर्यंत जायची, काही दिवशी खांद्याशीच अडायची. फरहाननं त्याला एक गोष्ट पुनःपुन्हा सांगितली: हातानं ओढू नका, कंबर मागं बसवा, अंगाचं वजन दोरीला द्या, हात नुसते खुंट्या समजा. पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी हात कपाळाच्या वर गेला. पूर्ण नाही. फरहान बघत होता. "मामा, सांगू का नको आण्णास्नी?"

"मी सांगतो," कृष्णात म्हणाला. आणि घरी जाताना आण्णांच्या दारावरून तसाच पुढे गेला.

पाडव्याला गुढ्या उभ्या राहिल्या, कडुलिंब खाऊन झाला, आणि गल्ली उसाच्या फडाला लागून असलेल्या मैदानावर जमली. कारखान्याच्या बाजूनं मळीचा वास येत होता. वारा सुटला होता. आण्णा खुर्चीत बसले होते. ऋतुराजनं डोक्याला फेटा बांधला होता, आणि त्याच्या मानेवरची शीर कृष्णातला लांबूनही उडताना दिसली.

"काय कृष्णात," आकाराम आला. गेली कित्येक वर्षं त्यानं डावीकडची तोरणी धरली होती आणि मागच्या तोरणीवर त्याचा डोळा होता, हे तोही लपवत नव्हता. "खांदा हाय का खुंटी?"

"तुझं धोतार अडकवायला ये की."

लोक हसले. कृष्णातला हसू आलं नाही. आण्णांनी दोरीला गुलाल लावला आणि त्याच्या हातात दिली. आत्ता सांगायचं, असं त्याच्या मनात आलं. तोंड उघडलंही. तेवढ्यात हलगी कडाडली, "चांगभलं!"चा गजर उठला आणि काठी उचलली गेली.

ती हळूहळू उभी राहिली. चारी दोऱ्या ताठ झाल्या. ऋतुराजनं फळी खांद्यावर घेतली, दोन पावलं टाकली, चार टाकली. कृष्णात त्याच्या मागे, दोरी छातीशी, डोळे शेंड्यावर. छातीपासून खाली त्याच्यात भरपूर ताकद होती. अगदी अर्धी ताकद.

वारा मागून आला. फडातून सळसळत आला, म्हणून तो पोचायच्या आधीच ऐकू आला. निशाण फडफडून पुढे ताठ झालं आणि शेंडा पुढे निघाला.

दोरीनं कृष्णातचे दोन्ही हात उचलले. खांदा. कान. त्याचं सगळं अंग एकच सांगत होतं: ओढ, आत्ता, इथूनच. तसा ओढला असता तर दोरी हिसकून गेली असती. "धर रं, धर!" कुणीतरी ओरडलं. ऋतुराजचा पाय ढेकळात वाकडा पडला.

कृष्णातनं दोरीला नेऊ दिलं. डावा हात कपाळावरून गेला, डोक्यावरून गेला, आषाढापासून जिथं गेला नव्हता तिथं गेला. आत ते काठावर येऊन उभं राहिलं. डोळ्यापुढं पांढरं झालं. त्यानं कंबर मागं बसवली. हात खुंट्या. सगळं वजन खाली, टाचांत. दोरी करकरली आणि खाली आली. आधी नाकापर्यंत, मग छातीपर्यंत, मग मांड्यांपर्यंत. शेंडा थरथरला, थबकला, आणि परत आभाळात उभा राहिला.

"चांगभलं!" सगळ्या मैदानाचे हात वर गेले. त्याचे दोन्ही हात दोरीला होते.

काठी उतरवली. लोक ऋतुराजला गुलाल लावत होते. आण्णा आपली छडी टेकत कृष्णातपाशी आले आणि त्याच्या हाताकडं बघत उभे राहिले. डावा खांदा खाली पडला होता. तो त्यानं झाकला नाही. टॉवेल घरीच राहिला होता.

"कृष्णा, हात कसा हाय?"

सगळे जवळ सरकले. आकारामही. गर्दीच्या कडेला फरहान उभा होता. त्याला तोंड उघडायची वेळ आली नव्हती, आणि तो ते उघडणारही नव्हता असं आता वाटत होतं. बायकांच्यात स्वप्नालीनं पदर दातांत धरला होता. 'ठणठणीत' एवढा एक शब्द म्हटला की दोरी आपली होती. कृष्णातनं पोराच्या खरचटलेल्या घोट्याकडं बघितलं.

"आज ऱ्हायला, आण्णा. उद्या ऱ्हाईल का सांगता येत न्हाय. एका दणक्याला पुरला. डोंगराच्या पायऱ्यांवर एका मागं एक बसत्यात."

"मग?"

"सपाटीला मी धरतो. पायऱ्या लागल्या की आकारामकडं."

शब्द बाहेर पडले तेव्हा खांद्यापेक्षा जास्त दुखलं. आण्णांनी मान हलवली. हो की नाही ते लगेच कळलं नाही. मग म्हणाले, "वाडवडलांनी अशी वाटणी केली नव्हती." थोडं थांबून, "पण त्यास्नी इचारलंबी नव्हतं कुणी."

आकाराम पुढे आला. टोमणा येणार म्हणून कृष्णातनं दात आवळले.

"पायऱ्यांवर माझ्या मागं चाल," आकाराम म्हणाला. "कवा सोडायची, कवा धरायची, वरडून सांग. वरडायला खांदा लागत न्हाय."

"तुला कमी ऐकू येतंय."

"मग जोरात वरड की मर्दा."

संध्याकाळी देव्हाऱ्यापुढे आरती झाली. कृष्णातनं ताट ऋतुराजच्या हातात दिलं. "चांगभलं!" म्हणताना उजवा हात सरळ वर गेला. डावा कपाळापर्यंत आला आणि तिथं थांबला, सगळ्यांना दिसेल असा. स्वप्नालीनं बघितलं. तिनं त्याच हाताच्या तळव्यावर प्रसादाचा गूळ ठेवला.